आई येईपर्यंत मुलांना जागं ठेवायचं का?

पत्र एका बाबांचं आहे. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. मोठी सुट्टी संपली, मुलगी नव्या शाळेत जाऊ लागली, मुलगा पाळणाघरात. याला सहा आठवडे झाले. बायकोची शिफ्ट दुपारची, ती घरी पोचते पावणेनऊला. त्यामुळे चार वाजता मुलांना आणण्यापासून पुढची संध्याकाळ बाबांकडे. सकाळीही तेच मुलांना साडेसहाला उठवतात आणि आवरून सोडतात, कारण बायको रात्री उशिरा झोपते.

शाळेतल्या बाई म्हणतात, मुलगी शांत आहे, समजूतदार आहे. घराच्या दारात पाऊल टाकलं की मात्र तिच्या अंगात येतं. परवा बाबांनी तिच्या बुटाचा पट्टा सोडवला, एवढ्यावरून ती पंचवीस मिनिटं रडली: "मी सोडणार होते! परत लाव!" धाकट्याचं नाक सहा आठवड्यांत एकदाही कोरडं झालेलं नाही. जेवण, दात घासणं, कपडे बदलणं, प्रत्येक गोष्टीला झटापट. आणि लवकर झोपवता येत नाही, कारण 'आई भेटल्याशिवाय झोपायचं नाही' हा घरचा नियम. आई आली की मुलांना नवा हुरूप येतो, आणि डोळा लागायला पावणेदहा-दहा होतात. सुट्टीतही झोपायची वेळ हीच होती, पण तेव्हा मुलं साडेआठपर्यंत लोळत असत.

बाबांची आई फोनवर म्हणते, "तुझा वचकच नाही." बायको म्हणते, शाळेनंतर एखाद्या क्लासला घालू, दमून येईल. मित्र म्हणतो, तासभर कार्टून लाव आणि मोकळा हो. बाबा विचारतात, "सुट्टीत हीच मुलं किती छान होती. माझंच काय चुकतंय? आणि तो पट्टा परत लावून द्यायला हवा होता का?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात 'शाळेत शहाणी आणि माझ्याकडे अशी' हे वाक्य थोड्याफार फरकाने तीनदा आलंय. त्यावरून तुम्ही धरून चाललात की बाईंना जमतं ते तुम्हाला जमत नाही. आधी तेवढंच तपासू, कारण वचकाचा प्रश्न त्याच गृहीतकावर उभा आहे.

पाच वर्षांच्या मुलीला शाळेत काय काय आवरून धरावं लागतं? शू लागली तर हात वर करून थांबायचं. बोलायची ऊर्मी आली तर गिळायची. शेजारच्याने हातातला खडू ओढला तरी ढकलायचं नाही. भूक लागली तरी घंटेची वाट बघायची. वर्गभर अनोळखी चेहरे, नवीन जिना, नवीन संडास, ज्याचं दार आतून अडकून बसेल ही भीती ती कुणालाही सांगत नाही. आपण नव्या नोकरीला लागतो तेव्हा पहिला महिनाभर घरी आल्यावर कुणाशी धड बोलत नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मनाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते. तुमच्या मुलीकडे त्याची जेमतेम सुरुवात आहे. तेवढ्या भांडवलावर ती सहा-सात तास निभावून नेते. मग दार उघडतं, समोर बाबा असतात, आणि धरून ठेवायचं कारण संपतं.

बाईंसमोर ती अशी कोसळत नाही, कारण बाईंची तिला अजून तेवढी खात्री वाटत नाही. तुमची वाटते. आता हे ऐकून पंचवीस मिनिटांचं रडणं गोड लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझा मुलगा त्या वयाचा असताना मला कुणी हे सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं की थोडी कमी खात्री असती तरी चाललं असतं. पण वचक कमी पडतोय म्हणून हे होत नाहीये, एवढं यातून नक्की निघतं.

शरदाच्या या दिवसांत पानं पिवळी पडतात ना, तो पिवळा रंग बाहेरून येत नाही. तो पानात आधीपासून असतो, हिरव्याखाली झाकलेला. दिवस आखूड होऊ लागले की झाड नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं, असलेलं मोडत जातं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. (लाल रंगाची गोष्ट वेगळी, तो बऱ्याच झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो. मुलगी विचारेल तेव्हा कामाला येईल.) तुमच्या घरात संध्याकाळी जे दिसतं, ते सकाळपासून तिच्या आत होतंच.

आता घड्याळाकडे वळू. मला पत्रातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटला, आणि तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय.

मुलगी पावणेदहा-दहाला झोपते आणि साडेसहाला उठवली जाते. म्हणजे साडेआठ, फार तर पावणेनऊ तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये वयाप्रमाणे झोपेचे तास सुचवले. दुपारची झोप धरून, चोवीस तासांत १ ते २ वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्यांना १० ते १३, ६ ते १२ वर्षांच्यांना ९ ते १२. तुमची मुलगी तिच्या गटाच्या किमान आकड्यापेक्षाही रोज सव्वा ते दीड तास कमी झोपते. शाळेच्या पाच दिवसांत ही उधारी सहा-सात तासांवर जाते. मुलाला पाळणाघरात तासभर झोप मिळत असली, तरी त्याचाही हिशेब दहाच्या आतबाहेरच राहतो. सुट्टीत मुलं साडेआठला उठत होती, म्हणजे रात्रीची झोप साडेदहा तास. 'सुट्टीत किती छान होती' याचं निम्मं उत्तर इथे आहे.

दमलेलं मोठं माणूस पेंगतं, दमलेलं लहान मूल उधळतं. संध्याकाळी सोफ्यावरून उड्या मारणारं मूल बघून कुणालाच वाटत नाही की याला झोप हवी आहे. उलट वाटतं, याच्यात अजून केवढी ताकद शिल्लक आहे! आणि आपण ती जिरवायच्या मागे लागतो.

त्यात ऋतूची भर. २२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला, दक्षिण गोलार्धात २०-२१ मार्चला, दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात, आणि वर्षभरात दिवस सर्वांत झपाट्याने आखूड होतो तो याच आठवड्यांत. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्यांना याचा पत्ताही लागत नाही. पण पन्नास अंश अक्षांशावर रोज जवळजवळ ४ मिनिटं उजेड कमी होतो, आठवड्याला जवळजवळ अर्धा तास. सुट्टीत ज्या वेळी मुलं बाहेर हुंदडत होती, त्याच वेळी आता ती चार भिंतींत असतात, आणि आपण घरातले सगळे दिवे लावून बसतो. लहान मुलांना संध्याकाळचा हा लखलखाट मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपेच्या आधीचा एक तास प्रखर उजेडात खेळायला बसवलं, तेव्हा झोपेची वेळ शरीराला सांगणारं मेलाटोनिन ८८ टक्के दबलं, आणि दिवे मंद केल्यावरही पाऊण-एक तासात पूर्ववत झालं नाही. मुलं दहाच होती, तेव्हा तो आकडा पाठ करू नका. सातनंतर दिवाणखान्यातला मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला एकच छोटा ठेवा, एवढं त्यातून घ्या.

मग राहतो तो नियम, आई भेटल्याशिवाय झोपायचं नाही. हा नियम प्रेमातून आलाय हे उघड आहे, म्हणूनच त्याला हात लावायला सगळे बिचकताय. पण रोजच्या भेटीत नेमकं काय घडतं ते बघा. आई दमून येते. समोर झोपेला पारखी झालेली, चेकाळलेली दोन मुलं. वीस मिनिटं दंगा, मग कुणाचं तरी रडणं, मग आईचा आवाज चढतो, मग 'आता पुरे, झोपा!' आणि अंधारात पडल्या पडल्या तिला वाईट वाटत राहतं. हे मी तुमच्या पत्रात वाचलेलं नाही. बऱ्याच घरांतून ऐकलं आहे, आणि तुमचं घर त्याला अपवाद असेल तर मला आनंदच आहे. ही भेट फक्त वेळ बदलून मागते आहे. दुसरी जागा सकाळी मोकळी आहे.

मुलं आठला झोपली तर सहा-सव्वासहाला आपसूक जागी होतील, निदान बरेच दिवस. तो तास बायकोचा. सकाळी तुम्ही मुलांचं आवरता, ते तिने करायचं. तुम्ही तेवढा वेळ झोपा किंवा शांतपणे चहा प्या. सकाळी सव्वासहाला आईच्या पांघरुणात शिरलेलं, पुरेसं झोपलेलं मूल आणि रात्री नऊचं मूल ही दोन वेगवेगळी माणसं असतात. वेणी घालताना मुली जेवढं बोलतात तेवढं त्या रात्री नऊला समोरासमोर बसून कधीच सांगत नाहीत. पाळणाघर, शाळा दोन्हीकडे आईच सोडून आली तर आणखी पंधरा मिनिटं मिळतात. आणि रात्री ती घरी येईल तेव्हा तुम्ही दोघं एका टेबलाशी बसून जेवाल. सहा आठवड्यांत हे किती वेळा झालं?

यात तिला झोपेची किंमत मोजावी लागणार, हे लपवू नका. रात्री मुलं आधीच झोपलेली असल्याने ती तासभर आधी आडवी होऊ शकेल, पण कामावरून आल्या आल्या कुणाला झोप लागत नाही. तेव्हा सोमवार ते शुक्रवार सगळ्या सकाळी तिच्या असं न ठरवता तीन तिच्या, दोन तुमच्या, अशी वाटणी करून बघा. सुट्टीच्या दिवशी झोपवण्याचा मान तिचाच, त्या दिवशी तुम्ही खोलीच्या बाहेर.

हे तिला सांगायचं कसं? एक तर हा लेख तिच्यापुढे धरू नका. 'तू उशिरा येतेस म्हणून' अशी सुरुवातही नको. ती जेव्हा येते तेव्हा येते, त्यात तिचा काही दोष नाही. झोपेचा हिशेब कागदावर मांडा, पावणेदहा ते साडेसहा, आणि तिला तो वाचू द्या. तीन आठवडे करून बघू, नाही जमलं तर जुना नियम आहेच, एवढं बोला. ती रडेल कदाचित. मुलं झोपलेल्या घरात शिरणं कुठल्याही आईला पहिल्या रात्री बोचतंच. लगेच समजूत घालायला जाऊ नका. जेवण गरम करा.

झोपेची वेळ एकदम पावणेदोन तास अलीकडे ओढलीत तर मुलं अंधारात टक्क जागी राहतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. दर दोन-तीन रात्रींनी १५ मिनिटं. पावणेदहावरून आठवर यायला अडीच-तीन आठवडे लागतात. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तासाभराहून जास्त पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर सोमवारी परत पहिल्यापासून. (ज्या देशांत शरदात घड्याळ तासभर मागे करतात, तिथल्या वाचकांनी त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात हे सुरू करू नये. मुलांच्या पोटातलं घड्याळ कुणी मागे करत नाही.)

तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांबद्दल थोडक्यात. क्लास आत्ता नको. आधीच भरलेल्या भांड्यात आणखी एक ओळीत उभं राहणं, आणखी एका अनोळखी बाईंचं ऐकणं कशाला? ती घडी बसल्यावर स्वतःहून मागेल तेव्हा बघा. कार्टूनच्या मी विरोधात नाही, तुम्ही भाजी चिरताना वीस मिनिटं लागलं तर कुणाचं आयुष्य बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही वरची मर्यादा आहे, कमी तेवढं बरं. पण तुमच्या घरी आणखी एक अडचण आहे. ते बंद करताना जी लढाई होते ती सगळ्यात मोठी, आणि तुम्हाला सध्या नवी आघाडी परवडणारी नाही. झोपण्याआधीच्या तासात तर अजिबात नको.

वचकाबद्दल तुमच्या आईंचं सगळंच चुकतंय असं नाही. मुलांना कुंपण लागतं. मुलगी तुम्हाला किंवा भावाला मारायला धावली तर हात धरायचा आणि म्हणायचं, "मारू देणार नाही." हे रडणं चालू असतानाही ठाम राहून करता येतं, करायलाच हवं. मात्र त्या पंचवीस मिनिटांत उपदेश, शिक्षा, 'शाळेत सांगू का बाईंना?' यातलं काहीही आत पोचत नाही. आणि बाईंचं नाव तर काढूच नका. जिथे ती निभावून नेते ती एक जागा तरी तिच्या बाजूने राहू द्या.

आता चार ते आठ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पत्र लिहिणारे सगळे 'मुलांना कसं वळण लावू' विचारतात, आणि खरी मेख बहुतेक वेळा गोष्टींच्या क्रमात असते.

खाणं घरी पोचल्यावर देता, ते शाळेच्या फाटकाबाहेरच द्या. डबा अर्धा परत येतो असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे ती उपाशी घरी येते. फळाच्या फोडी, पाणी, एवढं बॅगेत असू द्या. तुमच्यासाठीही. बापाचं पोट रिकामं असलं की पट्ट्याची पंचवीस मिनिटं चाळीस होतात.

तिथूनच, घरात न शिरता, अर्धा तास बाहेर. बाग हवीच असं नाही, एखादा लांबचा रस्ता, जिना, कठडा, काहीही. एकदा घरात शिरलात की परत बूट चढवून बाहेर पडणं होत नाही, आणि या दिवसांत तेवढ्यात अंधार पडतो. काही 'करायचं' नाही. पानं गोळा करायचा प्रकल्प नको, वही नको, फोटो नकोत. धाकट्याला एका खड्ड्यात दगड टाकत पंधरा मिनिटं उभं राहायचं असेल, तर राहू द्या. दिवसाचा उजेड डोळ्यांत गेला तर रात्री झोप वेळेवर यायलाही मदत होते.

"आज शाळेत काय केलं?" हा प्रश्न बंद. दिवसभर प्रश्नांची उत्तरं देऊन आलेल्या माणसाला तो परीक्षेसारखा लागतो, आणि उत्तर 'काही नाही' एवढंच येतं. गप्प चला. हातात हात असला की पुरे. जे सांगायचं असेल ते दिवा मालवल्यावर, तुम्ही उठायच्या बेतात असताना येईल. त्यासाठी झोपवताना दहा मिनिटं शिलकीत ठेवा.

घरात आल्यावर पहिली वीस मिनिटं एकही आज्ञा द्यायची नाही, हे जमवून बघा. अवघड आहे. मी एका संध्याकाळी स्वतःच्या आज्ञा मोजल्या होत्या, फ्रिजवर पेन्सिलने रेघा मारून. चल, काढ, ठेव, नको, उठ, धू, बस, सांडू नको. तासाभरात एकतीस झाल्या, मग मी मोजणं सोडलं. तुम्हीही एकदा मोजा. त्यातल्या निम्म्या न दिल्या तरी काही बिघडत नाही असं लक्षात येतं. शाळेचे कपडे सातपर्यंत अंगावर राहिले तर राहू देत. आंघोळ रोज संध्याकाळीच हवी असं कुठे लिहिलंय? आणि सरळ झोपायच्या कपड्यांतच घातलं की एक कपडे-बदल वाचतो.

जेवण सहाला. तुम्ही सध्या साडेसातला वाढता. त्या वेळी मुलांची भूक मरून गेलेली असते आणि फक्त चिडचिड उरते. स्वयंपाक एवढ्या लवकर होणार नाही हे मान्य, म्हणून आदल्या रात्री, मुलं आठला झोपल्यावर, उद्याचं अर्धं करून ठेवा. तेव्हा तुम्हाला वेळ असणार आहे, विश्वास ठेवा.

धाकट्याच्या नाकाबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'मी नीट काळजी घेत नाही की काय.' लहान मुलांना वर्षाला ६ ते ८ सर्द्या होणं हे नेहमीचंच, पाळणाघरात नव्याने जाणाऱ्यांना त्याहून जास्त. त्यातल्या बऱ्याच सर्द्या शाळा उघडल्यानंतरच्या आठवड्यांत गाठतात, आणि एकेक सर्दी ७ ते १० दिवस रेंगाळते, खोकला दोन-तीन आठवडे. एक संपायच्या आत दुसरी आली की नाक सहा आठवडे वाहतच असल्यासारखं वाटतं. यात तुमचा दोष नाही. बहुतेक सर्द्या विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, आणि ४ वर्षांखालच्या मुलांना दुकानातून आणलेलं सर्दी-खोकल्याचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही नाही. घरात शिरल्याबरोबर तिघांनी २० सेकंद हात धुणं, ही एक आज्ञा मात्र पहिल्या वीस मिनिटांतही चालेल. श्वास जोरात चालतोय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, पाणी पीत नाही, लघवी फार कमी झालीये, ताप तीन दिवसांपुढे गेलाय किंवा कान दुखतोय, तर मात्र वाट न बघता डॉक्टर.

या सर्दीचा एक आडपरिणाम तुमच्या नजरेतून सुटलाय. सहा आठवडे धाकटा तुमच्या कडेवर आहे, कारण तो आजारी आहे. मोठी चालत येते, कारण ती मोठी आहे. नवीन शाळा तिची, आणि मांडी त्याची. त्याचं नाक पुसून झालं की एकदा तिचंही पुसा, कोरडं असलं तरी.

हे सगळं दोन पालक असलेल्या घरासाठी लिहिलं. एकट्याने मुलं वाढवणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळची वाटणी करता येत नाही, तेव्हा त्यांनी फक्त दोन गोष्टी उचलाव्यात: फाटकाबाहेरचं खाणं आणि लवकरचं जेवण. संध्याकाळी आजी-आजोबा सांभाळत असतील तर त्यांनाही पहिल्या वीस मिनिटांचा नियम सांगून ठेवा. 'आजीला पापा दे, आजोबांना पाढे म्हणून दाखव' या आज्ञाच आहेत.

झोप पुरी होऊ लागल्यावरही महिना-दीड महिन्यात काहीच फरक दिसला नाही, रोज सकाळी पोट दुखू लागलं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, शाळेचं नाव काढताच तिचा चेहरा उतरू लागला, तर आधी बाईंशी बोला. तुमची मुलगी डबा कुणाबरोबर खाते, मधल्या सुट्टीत कुठे उभी असते, असं नेमकं विचारा, 'कशी आहे?' विचारलं तर 'शांत आहे' एवढंच उत्तर येईल. मग बालरोगतज्ज्ञ. आणि दोघांपैकी कुणीही रोज रात्री तोंड उघडं टाकून मोठ्याने घोरत असेल, तर हे सगळं करायच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण अशा मुलांची दहा तासांची झोपही पुरी पडत नाही.

राहता राहिला पट्टा. हो, परत लावून द्यायचा होता. तुम्हाला वाटतं की एकदा ऐकलं तर ती डोक्यावर बसेल. पण त्या दिवशी उठायचं कधी, खायचं काय, कुठे बसायचं, बोलायचं कधी, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं, आणि पट्टा सोडणं ही एक गोष्ट तिने स्वतःसाठी ठेवली होती. तुम्ही घाईत ती काढून घेतलीत. मीही घेतली असती. "अरे, तुला सोडायचा होता ना?" म्हणायचं, खाली बसायचं, पट्टा लावायचा, आणि हात मागे घ्यायचे. त्या दिवशी कदाचित तरीही रडणं थांबलं नसतं, कारण रडणं पट्ट्याचं नव्हतंच. उद्या मात्र बूट घेऊन तुम्ही दोघं पायरीवर बसाल, तेव्हा धाकट्याचे आधी काढा. तोवर तिचा एक निघालेला असेल.